कुमुदताईंनी बदललेली गोष्ट

कुमुदताई,

आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा परवा फोन आला. स्मरणिकेसाठी तुमच्यावर सहाशे शब्द हवेत. जन्मतारीख, जन्मगाव, शिक्षण आणि मग साहित्यसेवा, ह्याच क्रमाने. मी म्हटलं, जन्मतारीख मला माहीत नाही. ते म्हणाले, "अहो, वीस वर्षांची ओळख ना तुमची?" आता त्यांना काय सांगणार? वीस वर्षांत माझं कुठलं वाक्य कुठे लंगडतं ते तुम्ही रोज सांगितलंत, पण वय विचारलं की म्हणायचात, "छापायचंय का कुठे?" नाही सांगितलंत, आता छापायचं आहे, आणि मी तोंडघशी पडलोय. शेवटी सहाशे शब्द दुसऱ्या कुणीतरी लिहिले. वाचू नका. पाच चुका आहेत.

शोकसभाही तशीच झाली. तुम्हाला 'साहित्याच्या निष्काम सेविका' म्हणायचं होतं, वाचणाऱ्याने 'निष्कर्म सेविका' वाचलं आणि सभागृहात कुणालाही काही खटकलं नाही. मग माझा नंबर. "अविवाहित राहून ज्यांनी स्वतःला लेखनाला वाहून घेतलं, असे आपले हेमंतराव!" त्या वेळी देवेंद्र माझ्या शेजारी माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. सतरा वर्षं तो माझ्यासोबत राहतोय, सतरा वर्षं माझ्या पिशव्या धरतोय, आणि मी लेखनाला वाहून घेतलेला! हे वाक्य मुळात तुमचं आहे, ताई. तुम्हीच मंडळात ठेवून दिलं होतंत, माझ्यासाठी स्थळं यायची ती थांबावीत म्हणून. स्थळं थांबली, पण वाक्य काही माझा पिच्छा सोडत नाही.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तो पंचविशीत, एक कथा घेऊन. तुम्ही तेव्हा छापखान्यात मुद्रितशोधक होतात. साहेब, म्हणजे तुमचे यजमान, मिलमध्ये क्लार्क होते. मिल बंद पडली, मग साहेबही गेले, आणि तुम्ही परदेशीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांमध्ये एक टेबल, एक लाल पेन आणि तीन कोश घेऊन राहिलात. माझी कथा तुम्ही उभ्याउभ्या वाचलीत आणि विचारलंत, "ही मराठीत लिहिलीय का?"

मी म्हटलं, "हो."

"मग 'त्याची हिंमत झाली नाही' म्हणजे काय? हिंमत होते? मराठीत माणसाला धीर होतो. आणि हे 'तो परेशान झाला'? कोण झाला?"

"अहो, इंदुरात असंच बोलतात."

"बोलू देत. तू लिहितोयस."

आणि लगेच आत वळून शेजारच्या बाईला हाक मारलीत, "अगं, सब्जीवाला आला का?" मी हसलो. तुम्हाला कळलं मी का हसलो ते. तरीही कथेवर एकतीस लाल खुणा करूनच परत दिलीत.

तेव्हापासून सकाळी सातला तुमचा फोन. मी समीक्षक म्हणून थोडंफार नाव मिळवलं, पुण्याच्या पुरवणीत माझी परीक्षणं यायला लागली, तसा रविवारचा फोन पावणेसातला यायला लागला. "तीनदा 'संवेदनशील' लिहिलंयस. लेखक आहे की दात?" देवेंद्र अर्धवट झोपेत म्हणायचा, "ताईजी होंगी. उठा ले, नहीं तो मेरे को लगाएँगी." आणि खरंच त्याला लावायचात.

एकदा मी वैतागून तुमच्याकडे तक्रार केली होती. दोन पुरुषांच्या प्रेमावरचं कुठलंही पुस्तक आलं की पुरवणीवाले ते माझ्याकडेच पाठवतात. चांगलं असो, वाईट असो, कुरिअर माझ्याच दारात. त्या पुस्तकांतली अर्धी माणसं शेवटी पुलावरून उडी मारतात किंवा कॅनडाला जातात, आणि मी त्यावर आठशे शब्द लिहायचे. तुम्ही चहा गाळत होतात. म्हणालात, "मग विहिरींवरचं पुस्तक मागून घे."

"कसल्या विहिरी?"

"माळव्यातल्या. आलंय एक. तुला विहिरीतलं काय कळतं? काही नाही. पण तुला प्रेमातलं तरी काय कळतं?"

मी खरंच ते मागून घेतलं. माझं सगळ्यात बरं परीक्षण तेच ठरलं, हे तुम्ही पुढे दहा वर्षं ऐकवलंत.

देवेंद्रची आणि तुमची ओळख मी करून दिली ती चष्म्यासाठी. त्याचं चष्म्याचं दुकान, तुमचा नंबर वाढलेला. मी म्हटलं, "हा माझा, अं, मित्र." तुम्ही त्याच्यासमोर अक्षरांचा तक्ता वाचलात, शेवटच्या ओळीतल्या हिंदी अक्षराच्या वळणाबद्दल त्याच्याशी वाद घातलात, आणि बाहेर पडल्यावर मला म्हणालात, "मित्राला मित्र म्हणताना माणूस घसा खाकरत नाही."

मी रस्त्यावर थिजून उभा. तुम्ही पुढे चालू लागलात. "माणूस बरा आहे," तुम्ही वळून न बघता म्हणालात. "गौतमपुऱ्याचा ना? तिकडची माणसं खोटं कमी बोलतात. तू सांभाळ."

बस. एवढंच. ना भाषण, ना डोळ्यांत पाणी. माझ्या ओळखीत ज्यांना हे कळलं त्यांपैकी प्रत्येकाने माझ्याकडून काहीतरी मागितलं. कुणाला शपथ हवी होती, कुणाला खुलासा, कुणाला मी डॉक्टरकडे जायला हवा होतो. तुम्ही फक्त चष्म्याची दांडी सैल आहे म्हणून दुसऱ्या दिवशी परत दुकानात गेलात.

म्हणूनच तुम्ही पुढे जे केलंत ते मला समजू शकलं नाही. अजून समजत नाही.

नऊ वर्षं झाली. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी कथा दिली. दोन पुरुष, एक भाड्याचं घर, एक आजारपण. काही धक्कादायक नाही. एकजण तापाने फणफणलेला, दुसरा रजा टाकून घरी राहतो, त्याला पेज भरवतो, आणि संध्याकाळी दोघांमध्ये कांद्यावरून भांडण होतं. बरं वाटायला लागल्याचं ते लक्षण. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरातलं लिहिलं होतं. संपादकांनी न वाचताच घेतली, आणि मुद्रितं तुमच्याकडे गेली.

अंक हातात आला. कथेतला माधव माधवी झाला होता.

मला आधी वाटलं छपाईची चूक. एक वेलांटी जास्त पडली. मग पुढे वाचलं. 'तो आला'ची 'ती आली'. 'त्याने रजा टाकली'चं 'तिने'. 'दमलेला'ची 'दमलेली'. मराठीत पुरुषाची बाई करायची तर किती ठिकाणी हात घालावा लागतो, ताई! प्रत्येक क्रियापद, प्रत्येक विशेषण. चौदा पानांत तुम्ही एक जागा सोडली नव्हतीत. माझ्या माधवने विचार करताना दाढी खाजवली होती. तुमच्या माधवीने कपाळावरची बट मागे सारली.

मी स्कूटर काढली आणि परदेशीपुऱ्याला आलो. तुम्ही दार उघडलंत आणि माझ्या हातातला अंक बघितलात. "आत ये," म्हणालात. मी आलो नाही. दारातच ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही, शेजारची बाई बाहेर आली एवढं आठवतं.

तुम्ही म्हणालात, "हेमंत, ह्या शहरात मराठी माणसं किती? सगळे एकमेकांचे साडू नाहीतर व्याही. तुझे आईवडील रोज मंडळात येतात. उद्या कुणी त्यांना गाठून विचारलं असतं तर?"

"तो माझा प्रश्न होता."

"माझ्या हातून छापलं जाणार होतं."

"तुमचं काम शुद्धलेखनाचं. तुम्ही माझा माणूस पुसलात, ताई!"

"झाकला," तुम्ही म्हणालात. "पुसला नाही. झाकला."

मी अंक तुमच्या उंबऱ्यावर टाकून निघून आलो. सहा महिने तुमच्याशी बोललो नाही. सातचे फोन पहिला महिनाभर येत राहिले, मी उचलले नाहीत, मग थांबले. आणि वर वाचकांची पत्रं! माझ्या कुठल्याही कथेला कधी एवढी पत्रं आली नव्हती. उज्जैनच्या एका बाईंनी लिहिलं, 'माधवीसारखी सून मिळायला भाग्य लागतं.' देवेंद्रला मी ते वाचून दाखवलं. तो इतका हसला की खाली बसला. "ला, म्हारे को साड़ी पिना दे," म्हणाला. मला हसता आलं नाही. त्याने ते पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. अजून आहे.

मग पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. अचानक, सकाळी दाढी करताना. दुपारपर्यंत घर भरलं. मी बैठकीत बसलो होतो, काका वर्तमानपत्रात द्यायच्या सूचनेचा मसुदा करत होते, आणि तुम्ही आलात. काकांच्या हातातला कागद घेतलात, पर्समधून लाल पेन काढलंत आणि 'वृद्धापकाळाने' खोडलंत. "एकोणसत्तर म्हणजे वृद्धापकाळ?" काका म्हणाले, "तसंच लिहितात." तुम्ही म्हणालात, "माणूस गेलाय. निदान खरं लिहा."

मग तुम्ही देवेंद्रकडे बघितलंत. तो सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत होता. घरातल्या प्रत्येकाला तो माझा 'दोस्त' म्हणून माहीत, आणि दोस्ताने अशा वेळी पाणीच द्यायचं असतं. तुम्ही त्याच्या हातातला तांब्या घेऊन माझ्या चुलतबहिणीकडे दिलात. "देवेंद्रजी, पानी देने को बहोत लोग हैं. आप यहाँ बैठिए, हेमंत के पास." तुमचं हिंदी इतकं मराठी होतं की आत्यासुद्धा वळून बघायला लागली. देवेंद्र संकोचला. तुम्ही पुन्हा म्हणालात, "बसा." तो माझ्या शेजारी सतरंजीवर बसला, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि मला तोवर न आलेलं रडू आलं. सगळ्यांसमोर. कुणी काही विचारलं नाही, कारण तुम्ही तिथे उभ्या होतात, आणि तुम्हाला कोण विचारणार?

ज्या बाईने माझा माणूस कथेतून काढला, तिनेच त्याला भरल्या घरात माझ्या शेजारी बसवलं. ह्या दोन गोष्टी मी एका ओळीत कशा लिहू, सांगा. नऊ वर्षं प्रयत्न करतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला आणि मी उचलला. त्या कथेबद्दल मात्र आपण पुन्हा कधी बोललो नाही. तुम्ही माफी मागितली नाहीत, मी माफ केलं नाही, आणि दर रविवारी परीक्षणातल्या क्रियाविशेषणांवर भांडत राहिलो.

ह्या वर्षी मी कादंबरी तुमच्याकडे दिली तेव्हा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दोघेही पुरुष आहेत. हात लावू नये.' तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "'लावू नये'तला ऊकार बरोबर आहे. शाब्बास." महिनाभराने बोलावलंत. मला वाटलं भाषेवर बोलाल. तुमचं भांडण शेवटावर होतं.

"हे दोघं पन्नाशीत वेगळे का होतात?"

"त्यांच्यात एक अंतर पडत जातं, ताई. समाजाचा ताण, वय, एकटेपण..."

"हे तुझ्या परीक्षणातलं झालं. मी विचारतेय, झालं काय? कुणी कुणाला काय म्हटलं?"

मी शेवटची पानं चाळायला लागलो.

"शोकांतिका केलीस म्हणजे पुण्याचे लोक चांगलं म्हणतील, म्हणून," तुम्ही म्हणालात. "पुलावरून उडी मारणाऱ्यांना नावं ठेवतोस, आणि स्वतः काय केलंस? ह्यांना बसस्टँडवर सोडलंस."

"हा वास्तववाद आहे."

"तुझं वास्तव कुठे आहे आत्ता?"

"म्हणजे?"

"देवेंद्रजी कुठे आहेत?"

"बाजारात, गिलकी आणायला गेलाय."

"मग!" तुम्ही म्हणालात, आणि जग जिंकल्यासारखा चहाचा घोट घेतलात. मला इतका राग आला की मी कादंबरीची पिशवी तिथेच विसरून आलो. विसरलो असं तुम्हाला सांगितलं. खरं तर टाकून आलो होतो.

त्यानंतर पाचव्या दिवशी शेजारच्या बाईंनी दुकानात फोन केला. तुम्ही ओट्याजवळ पडला होतात. देवेंद्र दुकान तसंच उघडं टाकून धावला. मी पोचेपर्यंत त्याने तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने त्याला विचारलं, "पेशंट के कौन हो?" तो म्हणाला, "घर का हूँ." एवढंच. फॉर्मवर त्याच्याच अक्षरात आहे.

तीन दिवस आम्ही आळीपाळीने बसलो. वॉर्डात भिंतीवर पाटी होती, 'कृप्या शांती बनाए रखे'. एका ओळीत दोन चुका. मी मुद्दाम तुमची खाट त्या बाजूला वळवून घेतली. म्हटलं, ही पाटी बघून तरी ह्या बाई उठतील. तुमचे डोळे उघडे होते. पाटीवरून गेले आणि खिडकीकडे वळले. कपाळावर आठीसुद्धा नाही. त्या क्षणी मला कळलं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तुमच्या भाचीने कादंबरी परत आणून दिली. लाल पेन घेऊन तुम्ही दोनशे चार पानांपर्यंत गेला होतात. समासात सगळीकडे तुमच्या खुणा, ऱ्हस्वदीर्घ, एका ठिकाणी 'हा माणूस दिवसभर करतो काय? नोकरी नाही?' पुढची सदतीस पानं कोरी. बसस्टँड त्याच सदतीस पानांत आहे. तिथे तुम्ही काय लिहिलं असतंत ते मला माहीत आहे, आणि ते मी करणार आहे की नाही हे मी तुम्हाला सांगणार नाही. निदान एवढा वाद तरी मी जिंकणार.

पण एक गोष्ट आहे जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. मी कुणालाच सांगितली नव्हती.

तो दिवाळी अंक आला, त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी बाबांकडे गेलो होतो. आई देवळात गेली होती. बाबा माझं लेखन वाचत नसत. 'तुझं ते जड असतं' म्हणायचे आणि पेपर उघडायचे. त्या दिवशी ते पलंगावर बसले होते, मांडीवर अंक, चष्मा कपाळावर. म्हणाले, "वाचली तुझी गोष्ट."

मी खुर्ची ओढून बसलो.

"ते पेज भरवायचं छान लिहिलंयस. आणि ते कांद्याचं. तुझी आई आणि मी असंच भांडायचो." मग बराच वेळ अंकाचा कोपरा दुमडत राहिले. "ही मुलगी खरी आहे का कुणी?"

चार वाक्यं मनात जुळवली, एकही बाहेर आलं नाही. शेवटी म्हटलं, "आहे."

"अस्सं," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. कोवळा झाला होता. "मग आण की एकदा घरी. चहाला. तुझ्या आईला मी बघतो."

मी म्हटलं, "आणतो."

पुढे सहा महिने ते प्रत्येक वेळी दारापर्यंत सोडायला यायचे आणि म्हणायचे, "विसरलास का रे?" आणि मी म्हणायचो, "आणतो, बाबा." मग ते गेले.

तुमच्यावर मी ज्या गोष्टीसाठी चिडून राहिलो ती ही होती. कथा नव्हे. माझ्या बापाने उभ्या आयुष्यात एकदा दार उघडलं, आणि ते तुमच्या माधवीसाठी उघडलं. माधव छापला असता तर उघडलं असतं का? अंक फेकून दिला असता? की तेच म्हणाले असते, आण चहाला? तुमच्यामुळे मला हे कधीच कळणार नाही. आणि तुमच्याचमुळे त्यांनी ती गोष्ट पहिल्या पानापुढे वाचली, हेही मला माहीत आहे. म्हणून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही खुर्चीत मागे टेकून गप्प बसला असतात, आणि तुमचं गप्प बसणं मला सहन झालं नसतं.

काल देवेंद्रला सांगितलं. तो दुकानात कुणाच्यातरी चष्म्याचा स्क्रू बसवत होता. हात थांबले नाहीत. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "तो बुला लेता यार. मैं यहीं तो था. दस मिनट का रास्ता था."

मी म्हटलं, "क्या बोलता उनको?"

"कुछ नहीं बोलता. मैं आता, चाय पीता. वो देख लेते."

त्याने चष्मा पुसून डबीत ठेवला आणि पुढचा घेतला.

दहा मिनिटांचा रस्ता, ताई. बाबा सहा महिने विचारत होते. 'मुलगी नाही बाबा, मुलगा आहे,' एवढी एकच दुरुस्ती करायची होती, आणि ती काही तुमच्याकडे छापायला गेली नव्हती. ती माझ्याच तोंडात होती.

नऊ वर्षं तुमच्यावर जो राग धरून बसलो, त्यातला पुष्कळसा माझ्यावरचा होता.

सगळा नाही. पुष्कळसा.

हेमंत